गांडुळांच्या प्रबंधाची अर्पणपत्रिका

आबांच्या धाकट्या मुलाला जुळी झाली त्या वर्षी त्यांच्या लेकीचा गांडुळांवरचा प्रबंध पुरा झाला. सहा वर्षं घासली होती तिनं! आता एकच किरकोळ काम उरलं होतं, आभाराच्या यादीतल्या प्राध्यापकांचे सध्याचे पत्ते शोधायचं, आणि ते आबांनी अंगावर घेतलं.

आबा हाडाचे शिंपी. साठीनंतर लेकीकडून अक्षरं शिकले आणि तेव्हापासून दुकानांच्या पाट्यासुद्धा मोठ्यानं वाचत. "आण ती यादी! कोण प्राध्यापक सध्या कुठं आहे, एवढंच ना? तासात सांगतो!"

"ग्रंथालयाच्या सूचीत बघा हं, आबा. तिथं फक्त संशोधकच सापडतात. फोनवर शोधलंत तर सगळं गाव गोळा होईल."

"कळलं गं!"

पण सूचीत शिरायला पासवर्ड लागत होता आणि फोनला नुसता अंगठा! आबांनी यादीतलं पहिलंच नाव फोनवर टाकलं आणि ओरडले, "अगं, गेले! तुझे गांडूळवाले गेले!"

लेक मटकन खाली बसली. त्यांच्याच पुस्तकांवर तिचा प्रबंध उभा होता. "नक्की?"

"छापलंय! दुःखद निधन! फोटोसुद्धा आहे!"

प्रबंध चारच्या आत द्यायचा होता. खातरजमा करायला वेळ कुणाला? आबांच्या आग्रहानं पहिल्या पानावर चौकट आली. प्राध्यापकांच्या नावामागे 'कै.' आणि पुढे 'यांच्या स्मृतीस साश्रू अर्पण'. 'साश्रू' आबांचं!

तोंडी परीक्षेला आबा कडक इस्त्रीचा कोट घालून मागच्या खुर्चीत बसले. बाहेरचा परीक्षक कोण, हे तोवर गुप्तच होतं. दार उघडलं. काठी टेकत एक गृहस्थ आत आले. विभागप्रमुख बाईंनी त्यांचं नाव सांगितलं आणि लेक कोऱ्या कापडासारखी पांढरी पडली.

गृहस्थांनी प्रबंध उघडला. "वाचला मी. तसा मला वाचता यायला नको होता."

त्यांनी पहिल्या पानावरच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"साश्रू कोण आहे इथं?"

आबा उठले. "मी, साहेब. तुम्ही... बरे आहात ना?"

"हे पान उघडेपर्यंत होतो!"

"पोरीचा दोष नाही हो! ती सूचीत बघ म्हणाली, मी फोनवर बघितलं. तिची सहा वर्षं माझ्यापायी..." आबांचा आवाज टर्रकन फाटला.

बाईंनी घाईघाईनं सूची उघडली. "अहो, सरांचा लेख मागच्याच महिन्यात आलाय!"

"आठवतंय मला," सर म्हणाले. मग त्यांनी तासभर लेकीला गांडुळांवर पिळून काढलं आणि शेवटी मान डोलावली. "काम चोख आहे. पदवी दिली. तेवढं पान मात्र मी स्वतः फाडणार!" फाडलंही. मग काळजीनं आबांकडे वळले. "पण मग गेलं कोण?"

आबांनी फोन काढला आणि मथळ्याखालचा मजकूर पहिल्यांदाच वाचला. गेले होते त्याच नावाचे एक घड्याळजी. वय एक्क्याण्णव. तीन वर्षांपूर्वी, चार मार्चला, दुपारी जेवून उठताना.