मारोतरावांना तिसरा माणूस लागतो

मारोतराव कुणाही एका माणसाबरोबर बसत नाहीत. दोघे झाले की त्यांना तिसरा लागतो. बाळापुरात त्यांची पिठाची गिरणी आहे. दळणाला एकटीच बाई आली, तर ते गिरणी सुरू न करता रस्त्यावर येऊन हाका मारतात, "ओ पाव्हणं, जरा उभं राहा की इथं!" पाहुण्याला वाटतं, पोतं उचलायचंय. उचलायचं काही नसतं. नुसतं उभं राहायचं.

न्हाव्याकडेही तेच. "गळ्यावर वस्तरा, अन् दुकानात आपुन दोघंच. मला काही झालं तर तू अडकशील ना बाबा!"

"मग तिसरा येईपर्यंत मी झोपू का?" न्हावी विचारतो.

एकदा वारंगा फाट्यावर पोलिसानं त्यांना स्कूटरवर तिघे बसवून जाताना पकडलं. मधे मी, मागे एक म्हातारा. "साहेब, डबल सीट लई धोक्याची असते," मारोतराव समजावू लागले.

"तुम्ही यांचे कोण?" पोलिसानं म्हाताऱ्याला विचारलं.

"कोणी न्हाई. डोंगरकड्याच्या स्टँडवरून बळंच बसवलं मला!"

लोक हसतात. मीही हसतो, पण मग जेवण गोड लागत नाही. हे वेड त्यांना माझ्यामुळे लागलं.

त्यांची बायको सुमनवहिनी घरातच डोक्याला मार लागून गेल्या. जिन्यावरून पडली, असं मारोतराव सांगत होते. पाहणारं कोणी नव्हतं. मी शेजारी. हिंगोलीच्या कोर्टात मी सांगितलं, संध्याकाळी दोघं आत गेले, दार लागलं, तिसरं कोणी नव्हतं. खरं तेच सांगितलं. त्यावर बाकीचं रचलं गेलं आणि जन्मठेप झाली. अपिलात हायकोर्ट म्हणालं, दोघंच घरात होते एवढ्यानं खून ठरत नाही, पुराव्याची साखळी तुटकी आहे. मारोतराव सुटले.

मी माफी मागायला गेलो, बायकोला घेऊन. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "तुमी बराबर बोलले, गुरुजी. चूक माझी. तिसरा माणूस ठेवायला पाहिजे होता."

त्यांची लेक रेखा मामाकडे वाढली, तिकडूनच तिचं लग्न झालं. निकालानंतरही ती आली नाही. मारोतराव तेवढ्यासाठीच दारात बसून असत.

परवा ती आली, कडेवर रांगतं लेकरू घेऊन. थोड्या वेळानं मारोतरावांची बोंब ऐकू आली, "गुरुजी, पळा! पोरगी लेकरू टाकून बाजारात निघाली! आमी दोघंच हाव!"

मी अनवाणीच धावलो. दारात रेखा उभी होती, हातात पिशवी.

"काका, काहून पळून राहिले?"

"ते... तिसरा..."

"काही गरज न्हाई. माझं लेकरू हाय. मीच ठिवलं त्याइच्यापाशी." तिनं बाहेरून दार ओढून घेतलं.

आत लेकरू भोकाड पसरून होतं. मग हळूच मारोतरावांचा आवाज आला, "रडू नको रे राजा. तुझी आजी बी लई... रडायची न्हाई, भांडायची. भाकर करपली तिची, अन् म्हणायची, पीठच जाड दळलं तुमी. सुमन नाव होतं तिचं."

सुटून आल्यापासून हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मारोतराव सांगतच राहिले. लेकरू कधी गप्प झालं, कळलं नाही.

रेखा बाजारात गेलीच नाही. रिकामी पिशवी मांडीवर घेऊन ती बाहेरच्या पायरीवर बसली होती, दाराला कान लावून.