आमोण्याची परीक्षा

सुधीर हलगेकर यांची बेळगावहून डिचोलीच्या एका कारखान्यात बदली झाली, तेव्हा त्यांच्या बायकोने, दीपाने, एकच अट घातली. "घर लहान चालेल, जुनं चालेल. पण वस्ती सुरक्षित पाहिजे आणि भाडं पगारात बसलं पाहिजे."

(या दोन अटी झाल्या. पण लग्नाला बरीच वर्षं झालेला नवरा मोजत बसत नाही.)

सुधीरराव दर रविवारी घर शोधायला बाहेर पडू लागले. म्हापशात भाडं ऐकल्यावर त्यांनी घर बघायच्या आधी प्यायला पाणी मागितलं. तेरेखोलला नदीकाठची एक खोली फार आवडली. भाडंही परवडण्यासारखं. हस्तांदोलन करून निघताना कळलं की ते भाडं एका रात्रीचं होतं. शेवटी कारखान्यातला साईश म्हणाला, "आमोण्याक वच. थंय माझी मावशी आसा, सुमंगला. तिच्या परसातलं घर रिकामंच आहे."

आमोण्यात पाऊल टाकलं आणि सुधीररावांचे डोळे विस्फारले ते मिटेचनात. शेजारच्या घराचं दार सताड उघडं, आत माणूस नाही. बाहेरच्या सोप्यावर कुणाचा तरी मोबाइल निवांत चार्जिंगला लावलेला. आणि सुमंगलामावशी परसात मासळी धूत बसलेल्या, हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून विहिरीच्या कठड्यावर ठेवलेल्या.

"मावशी, पाटल्या!" सुधीरराव ओरडले.

मावशींनी मान वळवून बघितलं. "आसात न्ही थंय? मग?"

"इकडे चोर येत नाहीत?"

"एक आयिल्लो म्हणतात, वाट चुकून. भुकेला होता, त्याला जेवायला वाढलं."

घर लहान, हवेशीर, भाडं पगारात बसणारं. पण सुधीरराव कारखान्यात मेंटेनन्सला होते. चाचणी घेतल्याशिवाय मशीन ताब्यात घ्यायचं नाही, ही त्यांची सवय. आपलं गाव वाईट आहे असं कुठला घरमालक सांगतो? तेव्हा गावाची एक छोटीशी परीक्षा घ्यावी, असं त्यांनी ठरवलं.

मावशींकडे शीत-कडी आणि तळलेले बांगडे पोटभर जेवून ते मांडवीच्या काठावर गेले. गाव दुपारच्या झोपेत होतं. पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर त्यांनी आपली बॅग ठेवली, तिच्यात मोबाइल ठेवला. तेवढ्याने चोराचं मन होईल न होईल, म्हणून नवे कोरे बूटही काढून जोडीने मांडले. मग अनवाणी, चटके खात, ते वरच्या आंब्याआड जाऊन बसले. कोण येतो ते बघायला.

कोण आलं ते त्यांना दिसलं नाही. बांगडे, सावली आणि नदीवरचा वारा यांनी मिळून पहारेकरी आडवा केला.

जाग आली ती भोंग्याने. गोव्यात पाव विकणाऱ्याला पोदेर म्हणतात आणि त्याच्या सायकलचा भोंगा एरवी दोनदा वाजतो. हा थांबतच नव्हता. सुधीररावांनी डोळे चोळत पायरीकडे बघितलं. बॅग नाही. बूट नाहीत.

'नापास!' ते मनाशी म्हणाले आणि खाली धावले.

पण काठावर सगळं गाव लोटलं होतं. बायका केस तसेच मोकळे सोडून आलेल्या, पुरुष अर्ध्या चड्डीत. पाण्यात दोन होड्या फिरत होत्या. जयराम नावाचा धिप्पाड गडी बुडी मारत होता, वर येऊन श्वास घेत होता आणि पुन्हा खाली जात होता.

"काय झालं, आजी?" सुधीररावांनी काठावर हात जोडून उभ्या असलेल्या जानकीआजींना विचारलं.

"मनीस बुडलो रे पुता! परगावचो. भाड्याचं घर शोधत होता, मनासारखं मिळालं नाही म्हणून जीव दिला."

घर शोधणाऱ्याचं दुःख सुधीररावांएवढं कुणाला कळणार? "अरेरे! बायको-मुलं?"

"बायको आसा. दीपा म्हणून. सुमंगला रेंज शोधत त्याच्याच मोबाइलवरून तिला फोन लावतेय."

दीपा! सुधीरराव आणखीच हळहळले. (जगात दीपा पुष्कळ आहेत.) त्यांनी बाह्या सरसावल्या आणि होडीची दोरी ओढणाऱ्यांत घुसून जोर लावला. "डावीकडे बघा! प्रवाह डावीकडे आहे!" असं ओरडून त्यांचा घसा बसला.

"मोठ्या मनाचा हां तू," आजी म्हणाल्या. "त्या बुडालेल्याने बूट कसे जोडीने ठेवलेले बघ. वळण चांगलं होतं बिचाऱ्याला."

पोदेराने दोन्ही हातांत धरलेले ते बूट सुधीररावांनी बघितले. मग आपले पाय बघितले. हातातली दोरी सुटली.

एवढं मोठं गाव भरझोपेतून उठून नदीत उतरलं होतं, ते एका परक्या माणसासाठी. ज्याचं नावही त्यांना धड माहीत नव्हतं. तेवढ्यात जयराम धापा टाकत वर आला, कुणीतरी म्हणालं, "पुरे रे, दमलास." तो म्हणाला, "अजून एकदा," आणि परत खाली गेला. सुधीररावांना रडू कोसळलं.

"आजी, तो बुडालेला… मी आहे."

आजींनी त्यांना खांद्यापासून कोपरापर्यंत चाचपलं. "पण तू तर सुको आसा!"

हळूहळू सगळं गाव भोवती जमलं. जयराम निथळत समोर उभा राहिला. "मग नदीत कोण?"

"कोणी नाही."

"आणि हे बूट?"

"मी… परीक्षा घेत होतो. गावात चोर आहेत का, म्हणून."

सुधीररावांना वाटलं, बुडालो असतो तर बरं झालं असतं.

जयरामने चड्डीचं पाणी पिळलं. "मग? पास की नापास?"

आणि असा हशा उसळला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. सुमंगलामावशी डोळे पुसत फोनमध्ये ओरडल्या, "अगो बाय, मेळ्ळो तुझो घोव! सुको खडखडीत आसा!"

स्पीकरवर दीपाचा आवाज आला. "मी म्हटलं नव्हतं का, मावशी? नदीत उडी मारायची तर हे आधी पाणी गरम आहे का विचारतील." पण लगेच तिने विचारलं, "सगळं गाव शोधत होतं त्यांना?"

"सगळं."

मग दीपा म्हणाली, "अहो, ऐकताय ना? तेच घर घ्या."

महिना संपायच्या आत हलगेकर कुटुंब आमोण्यात राहायला आलं. पहिल्याच संध्याकाळी सामान तसंच टाकून सुधीरराव नदीवर गेले. मांडवीवर सूर्य उतरत होता, पाणी तांब्यासारखं झालं होतं. इतकं सुंदर काही रोज फुकट बघायला मिळणार, या विचाराने ते खिळून उभे राहिले.

शेजारी कुणीतरी खाकरलं. जयराम होता. दुसऱ्या बाजूला जानकीआजी. मागे पोदेर सायकल धरून.

"घर बरं आहे ना?" जयरामने हळूच विचारलं.

"उत्तम!"

"बायकोशी काय झालं नाही ना?" पोदेर म्हणाला.

"छे, छे!"

"मनात काय असेल तर बोलावं, पुता," आजींनी पाठीवरून हात फिरवला.

"अहो, मी फक्त सूर्यास्त बघतोय!"

"होय, होय," तिघंही समजुतीने म्हणाले.

एवढ्यात चपलेत खडा गेला, म्हणून सुधीरराव खाली वाकले आणि त्यांनी चप्पल काढली.

जयरामने लगेच होडीची दोरी सोडली.