अण्णांच्या पापण्या

अण्णांच्या दोन्ही पापण्या सुजून लाल झाल्या आणि लेकीच्या आठवणीने अण्णा रडतात, अशी गल्लीभर बातमी झाली.

लेक नोकरीसाठी दूर गेली होती. तिच्यावाचून घर खायला उठायचं हे खरं. पण अण्णा रडले मात्र नव्हते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर डोळ्याला भिंग. रडायचं म्हटलं तर आधी भिंग काढावं लागणार.

"अहो, पापण्या सुजल्यात नुसत्या," ते गिऱ्हाइकांना सांगत.

"असू दे हो अण्णा, बापाचं काळीज!" म्हणत गिऱ्हाइकं बंद घड्याळ तसंच परत नेत.

बायकोने तर लेकीला फोनच लावला. "तुझे अण्णा रडून रडून डोळे घालवणार गं!"

"मी शनिवारी येते," लेक म्हणाली.

खुलासा करायला उघडलेलं तोंड अण्णांनी मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांची तोंडं बुजलीत. त्यात केसांतला कोंडा. कोमट पाण्याचा शेक घ्या, कडा हलक्या हाताने पुसा. लवकर उतार पडेल."

"शनिवारच्या आत?" अण्णांनी धास्तावून विचारलं.

"पडेल की!"

घरी अण्णांनी अवाक्षर काढलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या घड्याळांतलं घट्ट झालेलं तेल साफ करणाऱ्या माणसाने स्वतःच्या पापण्यांवरचं तसंच राहू दिलं. खाजेने जीव जायचा, पण शनिवार जवळ येत होता.

लेक आली. दारातच तिने अण्णांचा चेहरा उजेडाकडे वळवला. "हे रडणं नाही, अण्णा. माझ्या मैत्रिणीलाही झालं होतं. पापण्यांची सूज आहे ही."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही रडलाच नाहीत?" बायको कडाडली.

पण रजा तर घेऊन झाली होती. आठवडाभर लेक रोज कोमट फडकं अण्णांच्या डोळ्यांवर ठेवून शेजारी बसायची, ऑफिसच्या गमती सांगायची. हे असंच चालू राहावं, असं अण्णांना फार वाटे. मेली सूज मात्र भराभर उतरली.

तिची बस सुटताना अण्णांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"सकाळचा शेक चुकवला असणार!" बायको म्हणाली.

"आळस करू नका हं, अण्णा!" लेक खिडकीतून ओरडली.

"पापण्याच आहेत गं," अण्णा म्हणाले, आणि या वेळी ते सगळ्यांना पटलं.