ट्यूलिप आणि सत्तावीस माणसं

“वहिनी, आमचे चिकू कुठे गेले?” परुळेकरांच्या फ्रीजचं दार उघडून शेजारच्या विश्वनाथ मास्तरांनी विचारलं.

“ओट्याखाली टोपलीत आहेत,” नलिनीताई म्हणाल्या. “आजपासून फ्रीजमध्ये फळ ठेवायचं नाही. पिकल्या फळाच्या वाऱ्यानं म्हणे ह्यांच्या कंदांच्या पोटातलं फूल मरतं.”

“म्हणे नाही, पुस्तकात लिहिलंय!” आतून रघुनाथरावांचा आवाज आला.

सिल्वासाच्या त्या सरकारी क्वार्टर्सच्या ओळीत एक्याण्णव साली फ्रीज एकच होता. तो परुळेकरांचा आहे हे फक्त वीजबिलवाल्यांना ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचं दूध, भिजवलेलं पीठ आणि मास्तरांचे घोलवडचे चिकू त्यात हक्कानं राहायचे. आता तिथे मधल्या कप्प्यात एक कागदी पिशवी आली आणि पिशवीत ट्यूलिपचे पाच कंद. खडोलीच्या एका कारखान्यात मशीन बसवायला आलेला हॉलंडचा इंजिनीअर जाताना ते देऊन गेला होता. पिशवीवर चित्र नव्हतं. ‘दुहेरी, उशिरा फुलणारी’ एवढंच इंग्रजीत लिहिलेलं.

रघुनाथराव परुळेकर कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरी माळी. कचेरीत त्यांच्या टेबलावरचा कागद कधी अडला नाही. अंगणात मात्र त्यांच्या हातून काही म्हणता काही जगलं नाही. अकरा वर्षांत त्यांनी द्राक्षं, स्ट्रॉबेरी, कार्नेशन आणि एकदा भर मे महिन्यात सफरचंद लावून पाहिलं. आपण लावलेलं फूल आपल्या डोळ्यांदेखत उमलताना पाहायचं, एवढीच त्या माणसाची इच्छा. ती काही फार मोठी नव्हती, पण अकरा वर्षं तुंबली होती.

“हे शेवटचं,” नलिनीताईंनी बजावलं. “हे नाही फुललं तर अंगणात फरशी घालणार मी. वाळवणाला तरी होईल.”

चौदा आठवडे कंद फ्रीजमध्ये राहिले. जानेवारीच्या शेवटी ते मागच्या खोलीत कुंड्यांमध्ये गेले. दोन कुजले. एक उंदरानं खाल्ला. एकाला नुसती पानं आली. पाचव्याला मात्र मार्चच्या मध्यावर पानांच्या बेचक्यात हिरवी कळी दिसली, आणि नेमका त्याच आठवड्यात सिल्वासाचा उन्हाळा सुरू झाला.

“आता ही भाजून निघणार,” मास्तर म्हणाले.

तेव्हा नवनाथ पुढे आला. हा धुळ्याकडचा गडी जवळच्या नरोलीला भाड्याच्या खोलीत राहायचा आणि बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. कसल्याशा अर्जाच्या कामानं एकदा परुळेकरांकडे आला, कुंडी पाहिली आणि अर्ज विसरला. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात बांधलेली बर्फाची लादी घेऊन हजर.

“साहेब, तुम्ही टेन्शन नका घेऊ,” तो म्हणायचा. “तिच्या गावाला बरफ पडतो ना? मग आपन हिकडं पाडू. लादी एकदम मस्त हाये, दुपारपर्यंत हालत नाही.”

कुंडी घमेल्यात, घमेलं बर्फात, बर्फ टबात, वर टेबलफॅन. खिडकीला ओली गोणपाटं. दारावर रघुनाथरावांनी सुवाच्य अक्षरात नियम लावले: एका वेळी एकानेच यावे. उंबऱ्याबाहेरून पाहावे. कळीच्या दिशेने श्वास सोडू नये. मास्तर तर तोंडाला रुमाल लावून यायचे. एरवी वर्गात छपराला ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस त्या दारात पुटपुटायचासुद्धा नाही.

कळी फुगली. लाल झाली. पण उघडेना. एप्रिल लागला, तरी मूठ घट्ट ती घट्टच.

“अहो, थंडीनं काकडली असेल ती,” नलिनीताई एकदा म्हणाल्या.

“नलिनी, तुला यातलं काही कळत नाही,” रघुनाथराव म्हणाले, आणि त्यांनी नवनाथला दुसरी लादी आणायला सांगितलं.

कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या कानावर ही कळी गेली होतीच. रविवारी सकाळी ते पाहायला येणार असं ठरलं. त्यांचा ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून रघुनाथराव स्कूटर घेऊन त्यांना आणायला निघाले. निघताना त्यांनी बायकोला शपथ घातली, “मी येईपर्यंत त्या खोलीत चिटपाखरू जाता कामा नये.”

चिटपाखरू गेलं नाही. माणसं गेली. मोठे साहेब येणार म्हटल्यावर ओळीतल्या सगळ्यांनी आंघोळी उरकल्या आणि इस्त्रीचे कपडे घालून परुळेकरांकडे जमले. मास्तरांच्या घरी आलेले पाहुणे आले. नवनाथचे नरोलीचे आठ खोलीमित्र सायकली घेऊन आले. बाहेर ऊन रणरणत होतं आणि ओसरीवर छपराची सावली हातभर. नलिनीताईंनी पाच मिनिटं दार अडवलं. मग मास्तरांच्या म्हाताऱ्या सासूबाईंना घेरी आल्यासारखं झालं आणि नलिनीताई म्हणाल्या, “आत या सगळे. पण श्वास जपून हं!”

सत्तावीस माणसं थेट मागच्या खोलीत शिरली. आणि त्याच वेळी वीज गेली.

टेबलफॅन थांबला. खोलीत घामाचा, पावडरीचा आणि ओल्या गोणपाटाचा वास कोंडला. नलिनीताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. घरात आलेलं माणूस कोरड्या घशानं परत गेलेलं त्यांच्या माहेरी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी कोकम सरबत केलं आणि सवयीनं फ्रीजमध्ये हात घातला. बर्फाचा ट्रे रिकामा. मग सरळ मागच्या खोलीत गेल्या, टबातल्या दोन्ही लाद्या उचलून स्वच्छ धुतल्या आणि बत्त्यानं फोडल्या.

“वहिनी! साहेबांचा बरफ!” नवनाथ ओरडला.

“तुझे साहेब येईपर्यंत माणसं मरतील इथे. धर ग्लास.”

सगळे सरबत पिऊ लागले. दहा मिनिटं गेली असतील. नवनाथचा ग्लास तोंडापाशीच थांबला.

“ओ वहिनी,” तो हळूच म्हणाला, “ती हालू राहिली.”

वारा नव्हता, तरी कळी हलली. बाहेरची एक पाकळी सुटून मागे झाली. तिच्यामागे दुसरी. सगळ्यांना सिनेमातल्या गाण्यातली पेल्यासारखी ट्यूलिप ठाऊक होती. पण ही थांबेचना. पाकळीच्या आतून पाकळी, तिच्या आतून आणखी, लाल, मग गुलाबी, मग अगदी आत पिवळट. मास्तरांचा रुमाल गळून पडला. सासूबाईंनी हात जोडले. इतका वेळ रडणारं एक पोर गप्प होऊन बोट तोंडात घालून बघत राहिलं. त्या कोंदट खोलीत, डोक्यावर पत्रा तापलेला असताना, त्या माणसांनी जे पाहिलं त्यानं त्यांच्या अंगावर काटा आला. नलिनीताईंना आपण रडतोय हे गालाला हात लागल्यावर कळलं.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली.

मोठ्या साहेबांनी फूल पाहिलं, तोंडभर कौतुक केलं, सरबत घेतलं आणि गेले. रघुनाथराव मात्र कुंडीसमोर तसेच उभे राहिले. फूल सुंदर होतं, ताटभर उमललेलं होतं. पण उमलून झालेलं होतं.

“कसं उघडलं?” त्यांनी विचारलं.

सत्तावीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं. हातवारे करून पाहिले. कुणालाच सांगता येईना.

“सर्वांनी पाहिलं,” रघुनाथराव म्हणाले. “बरं झालं.” आणि ते कॉटवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

संध्याकाळी नवनाथनं बिचाऱ्यानं अपराधी चेहऱ्यानं दोन लाद्या आणून टब भरला. तासाभरात सगळ्या पाकळ्या पुन्हा मिटल्या.

“संपलं,” रघुनाथराव म्हणाले. “मेली.”

नलिनीताई बराच वेळ त्या मिटलेल्या फुलाकडे पाहत राहिल्या. मग बर्फाकडे. मग त्यांनी टब उचलून मोरीत उपडा केला.

सकाळी सात वाजता त्यांनी ओळीतली सगळी दारं वाजवली. नरोलीला निरोप रात्रीच गेला होता. रघुनाथराव डोळे चोळत बाहेर येतात तो मागच्या खोलीत माणसं खांद्याला खांदा लावून बसलेली. खिडक्या बंद, पंखा बंद. मधोमध एक खुर्ची रिकामी.

“बसा तिथे,” नलिनीताई म्हणाल्या. “आणि मास्तर, करा सुरू.”

“दीर्घ श्वास घ्या!” मास्तर वर्गातल्या आवाजात म्हणाले. “आणि सोडा! कुंडीकडे तोंड करून सोडा!”

सत्तावीस माणसं कुंडीवर श्वास सोडू लागली. रघुनाथराव “अहो, अहो” म्हणत उठले, तर नवनाथनं त्यांना खांदे धरून खाली बसवलं. घामाच्या धारा लागल्या. कुणी हललं नाही. आणि अर्ध्या तासानं बाहेरची पाकळी सुटली.

रघुनाथरावांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. पाकळीमागून पाकळी येत राहिली. अकरा वर्षं वाट पाहिलेला तो माणूस तोंड उघडं टाकून बघत होता, आणि त्याच्या चष्म्यावर सत्तावीस जणांच्या श्वासांची वाफ साचली, तेव्हा त्यानं चष्माच काढून टाकला.

शेवटची पाकळी सैल झाली. मास्तर उठू लागले. त्यांना शाळा होती, नवनाथची ड्यूटी होती, सगळ्यांचीच घाई होती.

“बसा,” रघुनाथराव म्हणाले. “कुणी जाऊ नका. सरबत घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही.”

“अहो, पण बर्फ नाहीये,” नलिनीताई म्हणाल्या.

“कशाला हवाय बर्फ?”

सगळ्यांनी कोमट सरबत घेतलं, आणि त्या दिवशी शाळेत, कचेरीत आणि बर्फाच्या कारखान्यात सगळेच उशिरा पोचले.