अप्पासाहेबांचं न करण्याचं केंद्र

माणसाच्या बहुतेक अडचणी कुणीतरी काहीतरी केल्यामुळे निर्माण होतात. जगाला हे उशिरा कळलं. इंदूरच्या सुदामा नगरातल्या अप्पासाहेबांना मात्र ते तेहतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत पुराव्यानिशी कळलं होतं. त्यांच्या टेबलावर आलेला कागद सहसा पुढे जात नसे. नव्वद दिवसांत स्मरणपत्र आलं नाही, तर अर्जदाराची अडचण मिटली असं समजून ते फाइल बांधून ठेवत. (अर्जदार या पद्धतीला काय म्हणत, ते इथे छापण्याजोगं नाही.)

निवृत्तीनंतर जावयाने त्यांना एक व्हिडिओ पाठवला. चीनमध्ये ताओ नावाचं फार जुनं तत्त्वज्ञान आहे, पाण्यासारखं वाहावं, ओढाताण करू नये, न करता करावं, असं त्यात सांगितलं होतं. आपण आयुष्यभर कामचुकार नसून ताओवादी होतो हे कळल्यावर अप्पासाहेबांचे डोळे भरून आले. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते. तेही ताओवादीच होते, असं आता घरात मानलं जातं.

अशा रीतीने त्यांच्या पुढच्या खोलीत 'प्रवाह समुपदेशन केंद्र' सुरू झालं. पाटी रंगवून घेणं, खुर्च्या आणणं, रजिस्टर लिहिणं आणि चहा ही किरकोळ कामं पत्नी सखुबाईंकडे आली. (एकजण करत नसला की दुसऱ्याला करावं लागतं, पण तत्त्वज्ञानात त्याचा उल्लेख नाही.) दुःखी माणसाने आधी फॉर्म भरायचा: अडचण कोणती, तिच्याबाबत आपण काय केलं, आणि केलं असल्यास का केलं. मग पाण्याने भरलेल्या पितळी परातीकडे चाळीस मिनिटं बघायचं. पहिल्या वर्षी दोनशे चौदा प्रकरणं आली. एकसष्ट आपोआप मिटली, सत्त्याण्णव स्मरणपत्राअभावी निकाली निघाली, अडतीस लोक गाव सोडून गेले आणि सतरा जग सोडून. (ही सतराही यशात धरली आहेत. त्यांची तक्रार आलेली नाही.) उरलं एक. ते सांगणं प्रामाणिकपणाचं ठरेल.

कांताबाई दर मंगळवारी यायच्या. वय अडुसष्ट. त्यांचे सासरे महूच्या पलटणीत होते. त्यांची पत्र्याची काळी पेटी, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली, घरात पलंगाखाली असायची. मुलगा पंचशील याने एका सकाळी, स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर टिकावा या सद्भावनेने, ती पेटी कचरा गाडीत दिली. सुका कचरा म्हणून दिली, म्हणजे नियमाप्रमाणेच. कांताबाई म्हणाल्या, "उद्या मलाही देऊन टाक गाडीत." त्याच आठवड्यात पंचशील बड़ा गणपतीजवळ खोली घेऊन राहायला गेला. त्यानंतर अडीच वर्षं दोघं बोलले नव्हते.

"भिया, मी त्याला फोन लावू की नको? बस इतकं सांगा," कांताबाई दर मंगळवारी विचारायच्या.

"कांताबाईजी, नदीला कोणी धक्का देतं का? थोडा सबर ठेवा. यायचा तो आपोआप येईल."

दर गुरुवारी पोलोग्राउंडच्या कारखान्यातून सुटून एक तरुण येई. "अप्पासाहेबजी, मी आईकडे जाऊन माफी मागू का?" त्यालाही परात दाखवली जाई आणि हेच उत्तर मिळे. हा तरुण पंचशील होता. दोन्ही फॉर्मवर पेटी एकच आहे हे अप्पासाहेबांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण दोन फाइली जोडणं ही कृती झाली असती.

फॉर्म भरल्याला चौऱ्याऐंशी दिवस झाले त्या मंगळवारी कांताबाई सहज म्हणाल्या, की येत्या शनिवारी घर बंद करून त्या कायमच्या नागपूरला, मुलीकडे चालल्या आहेत. अप्पासाहेबांनी प्रवाहाला नमस्कार केला. सखुबाईंनी रजिस्टर उघडलं आणि कांताबाईंना शेवटची तारीख दिली, गुरुवारची.

गुरुवारी मायलेक एकाच बाकावर बसले. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. आतल्या खोलीत अप्पासाहेब ती शांतता ऐकून तृप्त झाले होते.

"किती वाळला आहेस रे. टाइमावर जेवत नाहीस काय?" कांताबाई म्हणाल्या.

पंचशील खाली बघत होता. "आई, पेटी मी खूप ढूंढली. कबाड्यांकडे पण जाऊन आलो, तीनदा."

"पेटी गेली तर गेली. तू कुठे होतास?"

त्यानंतर दोघंही रडले आणि परात न बघताच स्कूटरवर बसून निघून गेले. शनिवारचं तिकीट रद्द झालं असं कळतं.

रजिस्टरात शेरा पडला: 'कृती घडली. प्रकरण अपयशी.' सखुबाईंकडे लेखी खुलासा मागण्यात आला. त्यांनी चहाची कपबशी ठेवता ठेवता त्याच कागदावर लिहिलं, 'तारीख लिहिण्यात चूक झाली. पुन्हा होईल.'

तुमच्यावर मात्र केंद्राचा पूर्ण विश्वास आहे. हे वाचताना तुम्हालाही एक नंबर आठवला, बरेच दिवस लावायचा राहिलेला. फोन हाताशीच होता, तरी तुम्ही कुठेही न थांबता इथवर वाचत आलात. इतकी साधना अप्पासाहेबांनाही तेहतीस वर्षांनी जमली. तुमची फाइल बांधून वर ठेवली आहे, नव्वद दिवस तर केव्हाच होऊन गेले.