पूल प्रमाणाबाहेर वाकला त्याची हकिकत

माणूस आयुष्यभर वाकत असतो आणि त्याची कुठे नोंद होत नाही. पुलाला मात्र ही सोय आहे. नव्या पुलावर ठरलेलं ओझं चोवीस तास ठेवायचं, तो किती मिलिमीटर वाकला ते मोजायचं, आणि गणिताशी ताळा जुळला की पूल पास. आंबिवलीजवळच्या बाराशे मीटर लांब पुलाचं हे गणित ऋजुता सहा वर्षं करत होती. तेवढ्या काळात तिचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच मुलाशी ठरलं. पुलावर मात्र तिचा जीव पहिल्यापासून होता.

चाचणीच्या सकाळी वाळूचे बारा ट्रक पुलावर चढले. ट्रक गेले म्हणजे पूल सुरू झाला, हे सुज्ञ नागरिकांनी तात्काळ ओळखलं. अडथळे अदबीनं बाजूला ठेवून एकशे चाळीस मोटारी, साठ रिक्षा, काही टेम्पो आणि एक वरात (नवरदेवासह) मागोमाग चढली. पलीकडचा जोडरस्ता अजून कागदावरच असल्यामुळे उतरता येईना, मागच्यांमुळे फिरता येईना. ओझं चोवीस तास जागचं हलू नये, ही अट इतक्या निष्ठेनं आजवर कोणी पाळली नसेल.

वरिष्ठ अभियंता दौलतराव म्हसकर धोरणी गृहस्थ. चाचणी रद्द करण्याऐवजी त्यांनी ऋजुताच्या हाती वही दिली आणि प्रत्येकाचं वजन लिहून घ्यायला सांगितलं.

पोपट नावाच्या चालकानं सिमेंटनं भरलेला टेम्पो शपथेवर रिकामा असल्याचं सांगितलं. वाळूच्या ट्रकांच्या काटापावत्यांवर नऊ टन होते. टायरांचं मत सोळा पडलं. रिक्षात तिघे लिहिले, पाय मोकळे करायला पाच उतरले. एकशे अकरा पुरुषांचं वजन बहात्तर किलो भरलं (प्रत्येकाचं). बायकांची वजनं लग्नाच्या दिवशीची होती. सुकटीची पाटी घेऊन विकायला निघालेल्या रंगूबाई तेवढ्या खरं बोलल्या.

"ब्याण्णव लिव गो बाय. पाटी येगली."

या वजनांना पूल एकोणीस मिलिमीटर वाकायला हवा होता. वाकला एकतीस. चाचणी समितीनं तो कमकुवत ठरवला.

"सर, पूल बरोबर आहे. लोक खोटं बोलतायत," ऋजुता म्हणाली.

"असेल. पण ऋजुता, पूल मतदान करत नाही," दौलतराव म्हणाले.

तरी त्यांनी तिला आठ दिवस दिले. तेवढ्यात खरी वजनं मिळाली तर पूल पास, नाहीतर मधले गाळे पाडायचे. ऋजुतानं सहाशे बारा जणांना फॉर्म पाठवले. त्या सहाशे बारा जणांनी 'पूल सुरू करा' असा जंगी मोर्चा काढला, आणि मोर्चातच फॉर्म परत केले. आकडे तेच होते (अकरा जणांनी आणखी दोन किलो कमी केले). ऋजुता पुलाखाली जाऊन पोटभर रडली.

पाडकाम सुरू आहे. जुन्या पुलावरच्या कोंडीत बसून आपण सगळे त्या अभियंत्यांना शिव्या घालतो, आणि ते रास्तच आहे.

बाकी इथं कोणी पाहत नाहीये. मनातल्या मनात तुमचं वजन सांगा बघू.

सांगितलंत? आता खरं सांगा.