सेट मास्तरांची परीक्षा

मुलगी पाहायला आलेल्या मुलाचीच परीक्षा घेणारा बाप सगळ्या रत्नागिरीत एकच: आमचे शेजारी अप्पा, हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर. पोह्यांची बशी मुलाच्या हातात पडली रे पडली, की अप्पा विचारीत, "सेट या शब्दाचे अर्थ सांगा पाहू."

"सूर्य मावळला तो सेट, मोडलेलं हाड बसवलं तो सेट, विरजण लागलं तोही सेट! तीन अक्षरांत इंग्रजानं आख्खा संसार मांडलाय हो," हे ते मला रोज ऐकवीत. कोश धुंडाळून त्यांनी शंभरावर अर्थ जमवले होते. रोज संध्याकाळी ते सांगत आणि त्यांची आईवेगळी मुलगी गोदू वहीत उतरवून घेई.

खेडचा पोस्टातला कारकून सात अर्थांवर अडला. मुंबईहून आलेल्या एकानं चहाचा सेट दोनदा सांगितला, तर त्याला अप्पांनी नकारच कळवला. मध्यस्थ म्हणून मी प्रत्येक परीक्षेला हजर. पोहे फर्मास असत, खोटं कशाला बोलू? पण गोदूला विसावं सरलं, तसे ते माझ्याही घशाखाली उतरेनात. "मेल्यानं पोरीच्या जन्माचं मातेरं केलान!" माझी आई उघड म्हणे.

शेवटी देवरूखचा एक तरुण शिक्षक आला. पोहे बाजूला ठेवून त्यानं सुरुवात केली. अप्पा वहीत खुणा करत होते आणि त्यांचा चेहरा खुलायच्या ऐवजी उतरत चालला होता. तासाभरानं मुलगा थांबला, तेव्हा वहीत एकही अर्थ उरला नव्हता.

"एक राहिला," अप्पा घाईघाईनं म्हणाले. "सेट म्हणजे... नारळ सोलणे."

आतून गोदूचा आवाज आला, "अप्पा, असं कुठल्याही कोशात नाही."

मी हसणार होतो, पण अप्पांकडे पाहिलं आणि मलाच कसंसं झालं. ते माझ्या कानाशी लागले. "पेपर सोपा काढला असता, तर पहिल्याच वर्षी घर रिकामं झालं असतं हो."

मग घसा खाकरून त्यांनी मुलाला विचारलं, "देवरूखची मोटार रोज असते काय?"

एवढे अर्थ घडाघडा सांगणाऱ्या त्या मुलानं आता कुठे पोह्यांची बशी हातात घेतली. मग म्हणाला, "असते. पण तुम्ही कशाला दगदग करता? दर सुट्टीला आम्हीच येऊ."